दातांची आणेवारी

सोमवार, ९ जानेवारी १९५६. मुक्काम माळवस्ती, तीर्थपुरीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला.

हजर: दातांचे डॉक्टर पाठक. गिरदावर साहेब. नोंदवहीसाठी मी. वस्तीचे कारभारी नामदेवराव. वस्तीतली तीन ते सात वर्षांची मुले, चौतीस.

गैरहजर: मुले, सात.

ही नोंद माझ्या अक्षरात आहे आणि ती वही अजून माझ्या कपाटात आहे. सात गैरहजर मुलांच्या नावांपुढे मी ‘प’ असे लिहिले आहे. प म्हणजे पडीत. तो शब्द गिरदावर साहेबांनी शिकवला आणि पुढे त्यांनीच तो खोडायला लावला. या दोन गोष्टींच्या मध्ये एक वर्ष गेले.

हमीदुद्दीन हे त्यांचे नाव. जालन्यात मस्तगडाच्या एका बोळात ते राहत, पण त्या बोळातही त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. निजामाच्या अमदानीत ते महसूल खात्यात गिरदावर होते. पटवाऱ्याने कागदावर लिहिलेले पीक रानात खरोखर उभे आहे का, हे जाऊन पाहणे गिरदावराचे काम. अठ्ठेचाळीस सालानंतर ती नोकरी गेली. कशी गेली ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. मी त्यांना पाहिले ते चोपन्न साली, दवाखान्यात डॉक्टर पाठकांच्या खोलीबाहेर, चिठ्ठ्या लिहिताना. उंच, कमरेत किंचित वाकलेले, काळी टोपी, कानामागे लाल पेन्सिल. खिशात हातरुमालात गुंडाळलेला छोटा गोल आरसा. तोंडात अकरा दात.

डॉक्टर पाठक तरुण होते, हुशार होते आणि वैतागलेले असत. खेड्यातली मुले त्यांच्याकडे यायची ती तोंड सुजल्यावर. वर्षाकाठी किती मुलांचे किती दात काढले, याची यादी करायला त्यांनी गिरदावर साहेबांना सांगितले. ते कागद घेऊन उभेच राहिले.

“काय झालं?” डॉक्टर म्हणाले.

“साहेब, कापणी झाल्यावर आणेवारी करत न्हाईत. उभ्या पिकाची करतात. तुम्ही मला खळ्यावर बसवून राह्यले.”

आणेवारी म्हणजे पिकाचा अंदाज. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, चार आणे म्हणजे दुष्काळ. गिरदावर साहेबांची तीस वर्षे त्यात गेली होती. बांधावर उभे राहून, एक कणीस चोळून, ते आणे सांगत. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्या दुपारी ठरले की वस्त्यांवर जायचे, दात दुखायच्या आधी पाहायचे, आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा तीच मुले, तेच दात पाहायचे. नोंदी ठेवायला अक्षर चांगले असलेले कोणी हवे होते. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. हेडमास्तरीणबाईंनी माझे नाव सुचवले, खेपेला दोन दिवसांची सूट दिली. माझा संबंध एवढाच.

त्यांची पद्धत मला पहिल्याच दिवशी कळली. ती कोणालाही कळली असती, आणि पुढे मला तिची भीती वाटली ती त्यामुळेच. ते पाच पितळी वाट्या ओळीने मांडत. पहिल्या वाटीत जवारीचे दाणे: दात स्वच्छ, सोळा आणे. दुसरीत तूर: दातावर खडूसारखा किंवा तपकिरी डाग, बारा आणे. तिसरीत उडीद: काळा खड्डा, आठ आणे. चौथीत गुंजा: ठणकणारा दात, चार आणे. मुलाच्या तोंडातला सर्वांत वाईट दात पाहायचा आणि त्याच्या नावाने त्या वाटीत एक दाणा. पाचवी वाटी रिकामी मांडायची. ती सूज जबड्यात उतरलेल्या मुलांसाठी. तिला आणे दिलेले नव्हते.

एकदा मी माझी पेन्सिल त्या वाटीत ठेवली. बोलता बोलता त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

“ही वाटी खाली राहू द्या, बाई. रिकामी.”

दुसऱ्या खेपेनंतर खरे काम सुरू होई. जवारीच्या वाटीतले किती जण तिथेच राहिले, किती तुरीत सरकले? तुरीतले किती उडदात? त्यावरून ते हिस्सा काढत. “चार जवारीतली एक सरकली. मंग पुढच्या खेपेला जितकी जवारी आसंल, तिचा चौथा हिस्सा सरकंल. तुरीचा आर्धा. तूर जल्दी पळती, बाई. एकदा डाग पडला की पोराला वेळ न्हाई राहत.” दाणे बोटाने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ढकलत ते पुढच्या हिवाळ्यातली तोंडे मांडून ठेवत. समोर पोरे लगोऱ्या खेळत असायची. त्यांच्यातला कोण कुठे सरकणार हे त्या वाट्यांना माहीत नव्हते. किती सरकणार हे मात्र माहीत होते.

“आकडा कळतो,” ते म्हणत. “नाव न्हाई कळत. खुदानं तेवढं आपल्याकडं ठेवलं.”

माळवस्तीची पहिली खेप जानेवारी पंचावन्नची. आमची बैलगाडी दिसताच बायांनी पोरे घरात ओढली. जुने लोक गिरदावराला ओळखत होते.

नामदेवराव कारभारी कपाळाला हात लावून म्हणाले, “साहेब, जमिनीवर सारा होता तवर ठीक होतं. आता दातावर बी बसवता का?”

“सोळा आणे तोंड दाखवा, माफी देतो.”

“आन चार आण्याचं निघालं तर?”

“मंग डॉक्टर साहेबाला दंड.”

हशा झाला आणि दारे उघडली. तरी पोरे तोंड उघडेनात. तेव्हा मी त्यांची दुसरी युक्ती पाहिली. ते जमिनीवर मांडी घालून बसले, आरसा पोराच्या हातात दिला आणि स्वतःचे तोंड उघडले. “आधी तू माझे मोज. मंग मी तुझे.”

पहिली पुढे आली ती कौसा. गणपत सालदाराची पोर, वय चार, केसांना तेलाचा थेंब नाही, डोळे मात्र असे की समोरचा माणूस नजर चुकवील. तिने आरशाने ऊन नेमके त्यांच्या तोंडात टाकले आणि बोट लावून मोजले. अकराच्या पुढे तिला येत नव्हते. त्यांचे दातही अकराच होते.

“समदे झाले,” ती म्हणाली.

“शाबास. आता तुझे.”

तिच्या खालच्या दाढेवर तपकिरी डाग होता. तूर.

त्या दिवशी तूर फार झाली. डॉक्टरांनी कारण शोधले, ते पाळण्यातच सापडले. कापूस वेचायला जाताना बाया तान्ह्या पोरांच्या तोंडात गुळाची पुरचुंडी देत. फडक्यात गुळाचा खडा बांधायचा, पोर दिवसभर चोखते, रडत नाही. दोन-तीन वर्षांची झाली तरी ती सवय सुटत नाही. गिरदावर साहेबांनी बायांना गोळा करून सांगितले की गूळ बंद करा.

कौसाची आई राधा मागे उभी होती. कडेवर धाकटे, त्याच्या तोंडात पुरचुंडी.

“साहेब, तुमी येता का कापूस येचायला?”

“मी?”

“तुमी येचा, मी पोराजवळ बसते. मंग गूळ न्हाई देत. खरं सांगते, एक खडा न्हाई देणार.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसले नाहीत. “हे बराबर बोलली,” एवढेच म्हणाले आणि लाल पेन्सिल काढून मला लिहायला सांगितले: गूळ, कारण, पोर सांभाळायला कोणी नाही. त्यानंतर कुठल्याही वस्तीवर त्यांनी उपदेश केला नाही.

याच खेपेला मी पहिल्यांदा विचारले की जी मुले आली नाहीत त्यांचे काय लिहायचे. मी घरोघर जाऊन नावांची यादी केली होती. त्यातली तीन हजर नव्हती.

“पडीत लिहा.”

“म्हणजे?”

“आणेवारीत पेरलेलं रान धरतात. पेरलं न्हाई, ते पडीत. ते सोडून बाकीचा अंदाज काढायचा. दाणाच न्हाई तर वाटीत काय टाकता?”

नियम सरळ होता. मी ‘प’ लिहिले.

दुसरी खेप ऑगस्टमध्ये. गैरहजर पाच. कौसा त्या दिवशी आली होती, पण पुढे आली नाही. आईच्या लुगड्यामागे उभी राहिली. आरसा दिला तेव्हा आली.

“एक कमी झाला,” ती त्यांचे दात मोजून म्हणाली.

“कुठला?”

तिने जागा दाखवली. मग स्वतःचे तोंड उघडले. दाढेला खड्डा पडला होता. डॉक्टरांनी सळईचे टोक लावताच तिने त्यांचा हात घट्ट धरला, रडली नाही. तूर उडीद न होता थेट गुंज झाली होती. डॉक्टरांनी लवंगतेलाचा बोळा दिला आणि दाढ काढायला जालन्याला आणा असे राधाला सांगितले. राधा “व्हय” म्हणाली. खुरपणीचे दिवस होते, कोणी आणणार नव्हते, आणि हे आम्हा चौघांनाही कळत होते.

परतीच्या वाटेवर गिरदावर साहेबांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. तो मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.

“साहेब, दवाखान्यात सुजलेली तोंडं येतात. आपण सहा वस्त्या फिरलो, एक बी सुजलेलं तोंड दिसलं न्हाई. मंग ती येतात कुठून?”

“ज्या वस्त्या आपण पाहिल्या नाहीत तिथून.”

“आस्सं,” ते म्हणाले. पण त्यांचे समाधान झाले नव्हते. सगळा रस्ता ते अंगठ्याने पाचव्या वाटीची कड चोळत होते.

दोन खेपांवरून त्यांनी तिसऱ्या खेपेचा अंदाज मांडला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो पाकिटात घालून, लाख लावून, माझ्याकडे ठेवायला दिला. मोजणी झाल्यावर सर्वांसमोर फोडायचा. अंदाज खरा निघाला तर डॉक्टर तो घेऊन हैदराबादला जाणार होते आणि वस्त्यांवर फिरणारी दातांची गाडी मागणार होते. कुठल्या वस्तीवर आधी जायचे, ते आकड्यांनीच सांगितले असते. असली गाडी मराठवाड्यात कोणी पाहिली नव्हती. डॉक्टर त्यासाठी रजा न घेता राबत होते, हे इथे लिहिले पाहिजे.

तर, नऊ जानेवारी. थंडी चांगली होती, ऊन स्वच्छ होते. मारुतीच्या पारावर वाट्या मांडल्या. चौतीस मुले पाहून झाली. एकेक दाणा पडला. मी बेरीज केली, पाकीट फोडले आणि वाचून दाखवले.

जवारी बरोबर. तुरीत एकाचा फरक. उडीद बरोबर. गुंजा बरोबर. पाचवी वाटी: अंदाज शून्य, मोजणी शून्य.

डॉक्टरांनी गिरदावर साहेबांना मिठी मारली. नामदेवरावांनी गुळाचा चहा आणवला. चहा घेतानाही एक विनोद झाला. कारभारी म्हणाले, “गिरदावर साहेब, आता माझं बी सांगून टाका. किती आणे राह्यलेत?” सगळे हसत होते. गिरदावर साहेब वाट्यांकडे पाहत होते.

“बराबर आला,” ते म्हणाले. “बिलकुल बराबर.”

आम्हाला तीर्थपुरीहून जालन्याची मोटार गाठायची होती. गाडी वस्ती सोडून कोसभर गेल्यावर ते म्हणाले, “बाई, पडीत कोण कोण?”

मी सात नावे वाचली.

“ऑगस्टात कुठं होते ते वाचा.”

मी मागची पाने काढली. गाडी हलत होती, मी बोट धरून वाचत होते. कौसा गणपत, गुंज. लिंबाजी सखाराम, उडीद. पुढचा, गुंज. पुढची, उडीद. पुढचा, उडीद. उरलेली दोघे ऑगस्टातही पडीत. गेल्या जानेवारीत त्यांची तूर होती.

सातांत जवारी एकही नव्हती.

त्यांनी वही माझ्याकडून घेऊन ती सात नावे पुन्हा पाहिली. मग गाडीवानाला म्हणाले, “बैल वळव.”

“काय झालं?” डॉक्टर म्हणाले.

“साहेब, जी तोंडं दिसत न्हाईत, ती ह्या सातांत हायेत. पडीत म्हणून मी त्यांना सोडून दिलं. दुखतंय म्हणूनच ती आली न्हाईत.”

“गिरदावर साहेब, मोटार चुकेल. उद्या दवाखान्यात माणसं आहेत, परवा मंठ्याकडची खेप आहे. अंदाज बरोबर आलाय आणि तुम्ही तो खोटा म्हणता?”

“बराबर आला म्हणूनच डर वाटतो. अंदाजात पडीत सोडलं, मोजणीत बी सोडलं, मंग जुळणारच.”

“मी नामदेवरावांना निरोप धाडतो. सात जणांना जालन्याला पाठवतील.”

गाडीवान मागे वळून कोणाचे ऐकायचे ते पाहत होता. गिरदावर साहेब नोकर माणूस होते, डॉक्टर त्यांचे साहेब होते. तीस वर्षांची सवय होती. ते खाली उतरले नाहीत. मीही वही मिटली. बैल तीर्थपुरीकडेच चालत राहिले.

तेव्हा त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली, फार हळू आवाजात, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये म्हणून. निजामाच्या वेळी एका वाईट साली ते एका गावाची आणेवारी करायला गेले होते. पेरलेल्या रानांचा अंदाज सहा आण्यांच्या वर आला. गाव माफीत बसले नाही. नियमाप्रमाणे पडीत रान सोडले होते. “आन पडीत का होतं, बाई? पेरणारे गाव सोडून गेल्ते. गेले ते मोजले असते तर दोन आणे निघाले असते. कागद बराबर होता. मला शाबासकी भेटली.” थोड्या वेळाने म्हणाले, “दुसऱ्यांदा तीच चूक केली.”

मंगळवारी त्यांना सुट्टी मिळाली नाही. बुधवारी त्यांनी न विचारता घेतली. मी शाळेत अर्ज दिला आणि त्यांच्याबरोबर गेले, कारण यादी माझ्याकडे होती.

कौसाचे घर पारापासून शंभर पावलांवर होते. मी नंतर ती पावले मोजली. सोमवारी आम्ही हसत होतो ते त्या घरात ऐकू गेले असणार.

ती भिंतीला टेकून बसली होती. आडवे झाल्यावर तिला श्वास पुरत नव्हता. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज होती, दगडासारखी घट्ट. तोंड नीट मिटत नव्हते, लाळ गळत होती. राधाने त्यावर हळदीचा लेप लावला होता.

“कारभाऱ्याचा निरोप आला का?” गिरदावर साहेबांनी विचारले.

“आल्ता. आज बाजारची गाडी मिळंल म्हणले.”

“सोमवारी का न्हाई आणली? आम्ही तिथंच होतो.”

राधा जमिनीकडे पाहत होती. पहिल्या खेपेला साऱ्या बायांना हसवणारी तीच बाई. “असं तोंड घेऊन साहेबापुढं कशी आणू? मागल्या खेपेला दाढ काढ म्हणले, मी काढली न्हाई. वाटलं, चिडतील. सूज उतरली की आणू म्हणलं.”

त्यांनी कौसापुढे मांडी घातली. आरसा काढला. ती पाहत होती. त्यांनी स्वतःचे तोंड उघडले. तिने हात उचलला, बोट त्यांच्या ओठापर्यंत आणले आणि खाली टाकले.

नामदेवरावांनी आपली दमणी, बसायची हलकी बैलगाडी, जुंपून दिली. राधा कौसाला बसती धरून होती. तीर्थपुरीला मोटार निघून गेली होती. दुसरी कधी येईल हे कोणी सांगू शकले नाही. बैल बदलून आम्ही अंबडचा रस्ता धरला. गिरदावर साहेब गाडीच्या मागे पायी चालत होते. गाडीत वजन कमी राहावे म्हणून, असे ते म्हणाले. साठीच्या माणसाने ते किती अंतर चालावे? वाटेत मी दोनदा बसा म्हटले, त्यांनी मान हलवली.

अंबड दिसू लागले तेव्हा ऊन कलले होते. राधा म्हणाली, “झोपली.” गाडीवानाने बैल थांबवले. गिरदावर साहेब पुढे आले. त्यांनी आरसा तिच्या नाकाशी धरला आणि धरून राहिले. मग तो रुमालाने पुसला. पुसण्यासारखे त्याच्यावर काही नव्हते.

डॉक्टर पाठक वाईट माणूस नव्हते. ऐकल्यावर ते खोलीचे दार लावून बसले. पण अहवाल पाठवायचा होता आणि अहवालातला अंदाज खरा होता. त्यावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. गिरदावर साहेबांनी सही केली आणि तिच्यावर लाल पेन्सिलीने लिहिले: पडीत सात, पैकी एक मयत. अंदाज नामंजूर.

“हे खोडा,” डॉक्टर म्हणाले. “यामुळे गाडी मिळणार नाही. गाडी मिळाली तर दुसऱ्या कौसा वाचतील.”

“साहेब, गाडी बी पारावरच थांबंल. जे पारावर येतील त्यांचेच दात बघंल. मंग आपण आणखी एक अंदाज काढू, तो बी बराबर येईल.”

दोघांचेही म्हणणे मला तेव्हा पटले होते. आजही मला त्यातले एक निवडता येत नाही. अहवाल शेऱ्यासकट गेला. काही महिन्यांनी परत आला. तक्ता व शेरा जुळत नाही, स्वच्छ प्रत पाठवावी, एवढेच लिहिले होते. नोव्हेंबरात राज्य बदलले, आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो, कागद कुठल्या कचेरीत पाठवायचा हेच कोणाला कळेना. पुढच्या साली डॉक्टरांची बदली झाली. गाडी आली नाही.

गिरदावर साहेबांनी दवाखाना सोडला. वाट्या मात्र सोडल्या नाहीत. एकटेच वस्त्यांवर जात. पद्धत बदलली होती. आता ते पारावर बसत नसत. गेल्या गेल्या विचारत, “कोण आलं न्हाई?” आणि त्या घरी आधी जात. माझ्याकडे येऊन वही मागत, जुन्या ‘प’वर रेघ मारायला लावत आणि पुढे कोणती वाटी ते लिहायला सांगत. सातांपैकी उरलेल्या सहांमागे ते दोन वर्षे होते. तीन वस्तीतच सापडली, एक मंठ्याला मामाकडे, एक तीर्थपुरीत. दोघांच्या दाढा त्यांनी स्वतः जालन्याला आणून काढवल्या. राहिला लिंबाजी सखाराम. त्याचे आईबाप सरकी काढायच्या कुठल्याशा जिनिंगवर कामाला गेले होते. कुठल्या, ते कोणाला माहीत नव्हते.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते एकोणसाठ सालच्या डिसेंबरात. मी शाळेकडे निघाले होते. एका जिनिंगच्या फाटकासमोर, भिंतीला टेकून, ते जमिनीवर बसले होते. टोपीवर, खांद्यांवर कापसाचे तंतू उडून बसले होते. कामावरच्या बायांची पोरे त्यांच्याभोवती होती. सहाएक वर्षांच्या एका पोराच्या हातात आरसा होता आणि उन्हाचा कवडसा त्यांच्या उघड्या तोंडात पडला होता.

“आजोबा, हितं तर एक बी न्हाई,” पोरगा म्हणाला.

“मंग काय लिहिशील?”

“काय लिहू? काहीच न्हाई.”

“काहीच न्हाई, असं लिहायचं. शून्य लिही. सोडायचं न्हाई.”

पोराने बोटाने धुळीत शून्य काढले. त्यांनी ते नीट पाहिले, मग त्याला म्हणाले, “आता तुझे. नाव सांग आधी. बापाचं बी सांग.” माझ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. घंटा व्हायला पाच मिनिटे होती. मी थांबले नाही.

पुढच्या साली पावसाळ्यात ते गेले. त्यांचा भाचा एक पितळी वाटी घेऊन माझ्याकडे आला. चार वाट्या घरात वापरायला ठेवल्या होत्या. ही बाईंना द्या असे ते सांगून गेले होते. आत घडी केलेला कागद होता. सात नावे, माझ्याच यादीवरून उर्दूत उतरवलेली आणि शेजारी माझ्यासाठी मराठीत. सहांवर लाल रेघ आहे.

सातवे असे: लिंबाजी सखाराम, माळवस्ती. जानेवारी छप्पनला वय चार. वरची डावी दाढ, उडीद. त्यापुढची जागा कोरी आहे. तो सापडल्यावर भरायची आहे.